दोन दफ्तरांतला लोहार

(रेल्वेत लोहारकाम आणि गावाकडे शेती करणाऱ्या घराण्यांचा इतिहास कसा लावायचा, या विषयावरील व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

सोलापूर जिल्ह्यात माढा, बार्शी, मोहोळ या भागात शंभरेक वर्षांपूर्वी एक ठरावीक प्रकारचा माणूस भेटायचा. जातीने आणि धंद्याने लोहार. नोकरी रेल्वेत, म्हणजे रूळ राखणाऱ्या खात्याच्या भट्टीवर किंवा कुर्डुवाडीच्या कारखान्यात. घर मात्र गावात, आणि गावात चार-सहा एकर कोरडवाहू जमीन. या माणसाचे वंशज आज पुण्या-मुंबईला आहेत. आपला पणजोबा रेल्वेत होता एवढे त्यांना ठाऊक असते. मग ते रेल्वेकडे अर्ज करतात, काही हाती लागत नाही आणि शोध तिथेच थांबतो.

तो थांबू नये म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. हा माणूस दोन दफ्तरांत लिहिलेला आहे, एक रेल्वेचे आणि एक महसुलाचे. या दोन दफ्तरांना एकमेकांची ओळख नाही. रेल्वेच्या कागदात त्याची जमीन नसते आणि जमिनीच्या कागदात त्याची नोकरी नसते. म्हणून शोध गावापासून सुरू करावा, जमिनीवरून घराणे उभे करावे आणि मग रेल्वेचा कागद त्यावर बसवून पाहावा. याला कारणही साधे आहे. रेल्वेची पगारपत्रके, हजेरीपत्रके ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केली जातात. हंगामी मजुरांची तर बऱ्याचदा धड फाईलच नसते. जमिनीच्या हक्काची नोंद मात्र कायम ठेवायची असते, कारण तिच्यावर सारा आणि वारसा दोन्ही अवलंबून असतात.

आधी हा लोहार रेल्वेत गेला का, ते पाहू. बलुत्याच्या व्यवस्थेत लोहाराने वर्षभर शेतकऱ्याची अवजारे नीट ठेवायची. नांगराचा फाळ शेवटायचा, म्हणजे तापवून टोक काढायचे, कुळवाची आणि कोळप्याची पास, म्हणजे आडवे पाते, सरळ करायची, विळे-खुरप्यांना धार आणायची. त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळे. नवी वस्तू घडवली तर लोखंड शेतकऱ्याचे आणि मजुरी वेगळी. गावाने सेवेबद्दल दिलेली थोडी इनाम जमीनही काही घरांकडे असे. ही रचना पिकावर उभी होती. खळे झाले नाही तर बलुते नाही. १८७६-७७ च्या दुष्काळाचा फटका सोलापूर जिल्ह्याला फार जोराचा बसला. अशा वर्षी शेतकऱ्याच्या आधी बलुतेदार उघडा पडतो, कारण पेरणीच झाली नाही तर फाळाला काम कुठून येणार?

तोवर रेल्वे दारात आली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे भाग सुरू झाला आणि १८६० पर्यंत रूळ सोलापूरला पोचले. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. त्या घाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे होती. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या पहारी रोज बोथट व्हायच्या, त्यामुळे अशा कामावर लोहाराची भट्टी जवळ असावीच लागे. पुढे १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बांधलेली, अडीच फुटी अरुंद मापाची. ती १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. तिचा कारखाना कुर्डुवाडीला. म्हणजे एकाच कुर्डुवाडीत दोन वेगळ्या कंपन्या माणसे भरती करत होत्या. एक भाऊ जीआयपीत आणि दुसरा बार्शी लाईटमध्ये असू शकतो. आजोबा कुर्डुवाडीला रेल्वेत होते एवढ्यावर थांबू नका. मोठ्या रुळावर की छोट्या, हे विचारा. त्यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे.

आता त्याचे काम. याकडे वंशज लक्ष देत नाहीत, आणि खरे तर या कामावरूनच त्याचा हुद्दा, पगार आणि बदलीचे ठिकाण समजते. रेल्वेचे लोहार दोन प्रकारचे होते. कारखान्यातला लोहार डब्यांची आणि इंजिनांची कामे करी. तिथे वाफेचे घण असत, माणूस एका जागी टिके, क्वार्टर मिळे. दुसरा लोहार रूळ सांभाळणाऱ्या इन्स्पेक्टरच्या हाताखाली असे. या इन्स्पेक्टरला लोक पीडब्ल्यूआय, म्हणजे पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणत. पीडब्ल्यूआयकडे लांब टप्पा असे, त्यावर अनेक गँगा, प्रत्येक गँगेचा मुकादम, रुळाच्या पाचरी तपासत फिरणारा एक चावीवाला आणि गँगमन. या सगळ्यांच्या हत्यारांसाठी डेपोत एक भट्टी, एक लोहार आणि घण मारायला एक हॅमरमन. गावाशी नाते राखून शेती करणारा माणूस बहुधा हा दुसरा. डेपो गावाजवळ असे आणि तो सुट्टीला चालत घरी जाऊ शके.

त्याच्यापुढे रोज येणारे हत्यार म्हणजे बीटर. एक टोक कुदळीसारखे, दुसरे आडवे चपटे. त्या चपट्या टोकाने स्लीपरखाली, म्हणजे रुळांखालच्या आडव्या आधाराखाली, खडी ठोकून बसवायची. खडीवर आपटून ते टोक झिजते आणि गोल होते. गोल टोकाने खडी दबत नाही, बाजूला सरकते. मग स्लीपर पोकळ राहतो आणि गाडी गेली की रूळ खाली बसतो. म्हणून झिजलेले टोक तापवून पुन्हा ताणायचे, मापात आणायचे आणि पाणी द्यायचे. पहारीचे, रूळ तोडायच्या छिन्नीचेही तेच. शिवाय फाटकांची बिजागरी, साखळ्या, ढकलगाडीची दुरुस्ती, पान्यांचे जबडे. लोखंडी स्लीपरचे जोडदांडे आणि त्यांतल्या पाचरी सरळ करण्याचे कामही त्याच्याकडेच येई.

छिन्नीला पाणी देणे ही त्याची परीक्षा. टोकाचा दोनेक इंच भाग चेरीसारखा लाल करायचा, एक इंच पाण्यात बुडवायचा, लगेच काढून दगडावर घासून चकाकी आणायची आणि रंग पाहत थांबायचे. मागची उष्णता टोकाकडे येते तसे रंग चालत येतात. आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. रूळ तोडायच्या छिन्नीसाठी टोकावर जांभळा आला की पूर्ण बुडवायची. तेव्हा टोकाचे तापमान साधारण २८० अंश सेल्सिअस असते. पिवळ्यावरच बुडवली तर टोक काचेसारखे कडक राहते, रुळावर घाव बसताच कपची उडते आणि ती कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. निळा ओलांडू दिला तर धार मऊ होऊन वळते. पोलाद पांढरे होऊन ठिणग्या उडू लागेपर्यंत तापवले तर ते जळालेच, तेवढा भाग तोडून टाकण्याशिवाय मार्ग नाही. गावातल्या लोहाराला मऊ, घडीव लोखंडाची सवय असे आणि ते जास्त तापले तरी निभावते. पोलाद ते सहन करत नाही. म्हणूनच खलाशी, म्हणजे रेल्वेतला बिगरकुशल मदतनीस, म्हणून भरती झालेला माणूस आधी हॅमरमन होतो आणि ट्रेड टेस्ट दिल्यावर लोहार होतो. सेवापत्रकात खलाशी लिहिले आहे म्हणून हा आपला माणूस नाही, असे समजून पान उलटू नका. पुढच्या पानावरचे हुद्दे वाचा.

जळणाचाही फरक होता. गावची भट्टी बाभळीच्या कोळशावर चाले. रेल्वेत इंजिनाचा दगडी कोळसा मिळे. त्यात गंधक असते. तो नीट पेटून, धूर जाऊन कोक होण्याआधीच त्यात लोखंड घातले तर गंधक लोखंडात शिरते आणि घाव घालताना ते तांबड्या उष्णतेलाच तडकते. दोन तुकड्यांचा जोड धरत नाही. कोळसा कडेला रचून आधी कोक करायचा आणि मग मधोमध ओढायचा, हे रेल्वेत शिकलेले तंत्र सुट्टीच्या दिवशी गावातही कामी आले.

सुट्टीच्या दिवशी तो गावात काय करी? मुख्यतः बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे घेरावरचा लोखंडी पट्टा, चढवी, कारण त्याला दोन-तीन माणसे आणि एक मोकळी सकाळ लागते. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १८८ इंच. लोखंडी धाव त्यापेक्षा साधारण एक इंच तोकडी ठेवायची. गोवऱ्यांच्या आरात ती मंद लाल होईपर्यंत तापवली की सव्वा इंचाच्या आसपास वाढते, म्हणजे चढवताना पाव इंचाचीच सवड असते. चढवली की लगेच पाणी मारायचे. तोकडेपणा जास्त ठेवला तर धाव आवळताना आरे वाकतात आणि तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, एका बाजूला ढकलला जातो. कमी ठेवला तर उन्हाळ्यात लाकूड आटते आणि धाव रस्त्यात निसटते. हे काम रोखीवर होई. रेल्वेच्या लोहाराची गावातली मिळकत अशी बलुत्यातून रोखीकडे सरकली, आणि ती रोकड शेवटी जमिनीत गेली.

दुसरीकडे बलुत्याचे काम आटतच होते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ पासून बाजारात येऊ लागला. कारखान्यात ओतलेला बिडाचा फाळ ऐरणीवर घडवता येत नाही, झिजला की बदलायचा. त्यामुळे जी घरे रेल्वेत गेली नाहीत, त्यांतली बरीचशी पूर्णपणे शेतीवर किंवा शेतमजुरीवर आली. एकाच घराण्यात एक शाखा रेल्वेची आणि एक शेतीची दिसते, तिच्यामागे हे कारण असते.

आता कागद. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. त्यावर गट नंबर आहे. पण गट नंबर जुना नाही. १९४७ च्या तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. पुष्कळ लोक इथेच अडकतात. १९३० चा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, शोधताना ते गट नंबर सांगतात आणि तहसीलचा कारकून नाही म्हणतो. आधी भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढा. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट आमनेसामने मिळतात. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना सर्व्हे नंबर सांगून जुने सातबारे आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, मागा. काही तालुक्यांचे हे कागद आता स्कॅन होऊन शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात, पण पुसट पाने मूळ वहीतच वाचावी लागतात.

सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात किंवा कडेला फेरफार क्रमांक असतो. आजच्या नावापासून एकेक क्रमांक धरून मागे जायचे. नावाला कंस केला असेल तर त्या माणसाचा हक्क संपला असे समजा, मृत्यूने, विक्रीने किंवा वाटणीने. कोणत्या कारणाने, ते फेरफारात मिळते. वारसाच्या फेरफारात सारे वारस, त्यांची नाती आणि बऱ्याचदा वयेही असतात. गाव नमुना ६क ही वारसांची वेगळी नोंदवही, तीही मागा. इथे एक सावधगिरी हवी. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. 'सुमारे चार वर्षांपूर्वी मयत' अशी वाक्ये सर्रास असतात, कारण कर्ज काढायची किंवा विकायची वेळ आल्याशिवाय कोणी नोंद घालत नसे.

रेल्वेतला माणूस सातबाऱ्यावर सापडतच नाही, ही सर्वांत मोठी अडचण. त्याचे उत्तर तीन अक्षरांत आहे: एकुमॅ, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. गावात राहणाऱ्या थोरल्या भावाचे नाव लागे आणि पुढे ए.कु.मॅ. लिहिले जाई. धाकटे भाऊ हक्कदार असत, पण कागदावर दिसत नसत. नोकरीवरचा भाऊ म्हणजे बहुधा हाच न दिसणारा. तो कागदावर येतो तो वाटणीच्या दिवशी किंवा थोरल्याच्या मृत्यूनंतर. म्हणून वाटणीचा फेरफार सापडेपर्यंत शोध सोडू नये. नावाशेजारी अपाक दिसले तर अज्ञान पालक कर्ता, म्हणजे वारस अल्पवयीन आहे आणि कोणी तरी त्याचे पालक म्हणून लागले आहे. विधवा आई पालक असेल तर तिचे नाव आयतेच मिळते. बायकांची नावे जुन्या जमीनकागदांत फार थोड्या ठिकाणी येतात, त्यांतले हे एक आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारसात येऊ लागली. त्यांच्या सासरच्या गावांवरून सोयरिकीचा सगळा पट्टा कळतो.

घराण्याकडे इनाम असेल तर गाव नमुना ३ पाहा. तिथे दुमाला, म्हणजे इनाम जमिनी लिहिलेल्या असतात. लोहार, सुतार यांच्यासारख्या गावोपयोगी सेवेच्या इनामांसाठी मुंबई राज्याने १९५३ मध्ये कायदा करून ती इनामे रद्द केली. जमीन ठरावीक रक्कम भरून धारकाला परत दिली गेली. या पुनःप्रदानाच्या फेरफारात त्या वेळचे सगळे भोगवटादार आणि त्यांचा हिस्सा येतो. हिस्से आण्यांत असतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण, चार आणे म्हणजे चौथाई. चार भावांचे चार-चार आणे आणि त्यांतल्या एकाचे चार आणे दोन-दोन करून दोघा पुतण्यांकडे, अशा नोंदीवरून दोन पिढ्यांचा वृक्ष गणितानेच उभा राहतो. क्षेत्र एकर-गुंठ्यांत. ३३ फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे पाठ असू द्या. हिश्श्यांची बेरीज जुळली नाही तर एखादा भाऊ तुमच्या नजरेतून सुटला आहे.

रेल्वेसाठी जमीन गेली असेल तर तिचाही फेरफार आणि क्षेत्रातला बदल दाखवणारे कमी-जास्त पत्रक असते. रुळालगतच्या गावात ते अवश्य पाहा. कोणाच्या नावची किती जमीन गेली ते त्यात असते, आणि ज्या घराची जमीन गेली त्याच घरातला माणूस पुढे कामावर लागलेला आढळू शकतो. मात्र एका नोंदीवरून दुसरी गृहीत धरू नका.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ चे जुने रजिस्टर, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख. चार मुलगे असतील तर कोणती नोंद कोणाची, हे इतर कागदांवरून ठरवावे लागते. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पाने नीट वाचा. इन्फ्लुएंझाने त्या तीन महिन्यांत घरेच्या घरे गेली आणि एखादी शाखा अचानक संपते, तिचे कारण तिथे मिळते. अनेक पाने मोडीत आहेत. वाचता येत नसेल तर तज्ज्ञाकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका. मोडीत धोंडी आणि कोंडी यांच्यात घोटाळा करणे फार सोपे आहे.

सन कोणता, हेही तपासा. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ७९. फसली, म्हणजे महसुली वर्ष, असेल तर ५९० किंवा ५९१. आपल्याकडे फसली वर्ष मृगाला, जूनमध्ये सुरू होते. म्हणजे फसली १३१० हे जून १९०० ते जून १९०१. लातूरकडची नोंद असेल तर सावध राहा. तो मुलूख निजामाचा, तिथला फसली ऑक्टोबरात सुरू होई. बार्शीच्या पूर्वेला सोयरिकी असणाऱ्या घराण्यांत एकाच लग्नाची दोन वर्षे सांगितली जातात, ती यामुळेच. त्या भागासाठी १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे शेतवार नोंदींचे पत्रक, हा फार चांगला आधार आहे.

एवढे झाल्यावर रेल्वेकडे वळा. सेवापत्रकात नाव, बापाचे नाव, मूळ गाव-तालुका, उंची, अंगावरची खूण, डाव्या हाताच्या अंगठ्याचे आणि बोटांचे ठसे, नेमणुकीची तारीख, हुद्दे, बदल्या, रजा आणि शिक्षा असतात. जन्मतारीख असते, पण तिच्यावर विसंबू नका. रेल्वेचा नियम असा की फक्त जन्मसाल माहीत असेल तर १ जुलै लिहायचे, महिना-साल माहीत असेल तर त्या महिन्याची १६ तारीख. आणि माणसाने नुसते वय सांगितले तर भरतीच्या दिवशी तेवढे वय पूर्ण झाले असे धरून मागे मोजायचे. त्यामुळे ५ मार्च १९२६ ला भरती आणि ५ मार्च १९०६ चा जन्म असे दिसले, तर त्या माणसाने 'वीस वर्षे' एवढेच सांगितले होते. शाळेच्या रजिस्टरातला १ जून हाही तसलाच, गुरुजींनी घातलेला.

नाव कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेले असते आणि आडनाव नसतेच. तुकाराम गणू, एवढेच. काही वेळा पुढे लोहार. पुढच्या पिढीने शाळेत जुने कुळाचे आडनाव लावले की दोन्ही कागद वेगळ्या घरांचे वाटतात. समजा शेजारच्या दोन गावांत दोन तुकाराम गणू लोहार आहेत. मग नाव आणि बापाचे नाव यांपलीकडे किमान दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्या पाहिजेत. मूळ गाव, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नामनिर्देशनातले बायकोचे नाव. नामनिर्देशनाचा कागद सोन्यासारखा, कारण त्यात बायको, मुले आणि त्यांची वये माणसाने स्वतः सांगितलेली असतात. पासाच्या अर्जातही कुटुंब येते.

कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करायचा? जीआयपीचा कारभार १९२५ मध्ये सरकारने थेट हाती घेतला आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आली. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ ला सरकारने घेतली. सोलापूर विभाग मात्र १९६६ ते १९७७ दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादकडे होता आणि मग परत मध्य रेल्वेत आला. त्या अकरा वर्षांत निवृत्त झालेल्याच्या पेन्शनच्या कागदावर दक्षिण मध्यचा शिक्का असतो. आजोबा कधी आंध्रात नव्हते म्हणून तो कागद दुसऱ्याचा समजून बाजूला ठेवू नका. पेन्शन योजना १९५७ ची, आणि आधीच्या नोकरांना ती ऐच्छिक होती. ज्यांनी निधीच पत्करला, त्यांना निवृत्तीला एकरकमी पैसे मिळाले. त्यांच्यासाठी निवृत्तीनंतरच्या एक-दोन वर्षांत दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत शोधा. सूची क्रमांक १ माणसांच्या नावावर लागते, सूची क्रमांक २ मिळकतीवर. आधी नावावरून पाहा.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या रेल्वे नोकरांच्या याद्यांचा मोह टाळा. त्या मुख्यतः विलायतेहून नेमलेल्या आणि वरच्या हुद्द्यांच्या लोकांच्या आहेत. माढ्याचा हॅमरमन तिथे नाही.

आणि आता दोन्ही दफ्तरे एकत्र. एक मोठा कागद घ्या, डावीकडे साल, मधल्या रकान्यात महसूल, उजवीकडे रेल्वे. रजेचा हिशेब वाचा. आपल्या भागात रब्बीची ज्वारी. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबर, काढणी फेब्रुवारी-मार्च. ज्याची रजा वर्षानुवर्षे याच महिन्यांत पडते तो स्वतः शेत कसणारा. एखाद्या वर्षी पेरणीची रजाच नाही असे दिसले तर त्या सालचा पीकपाहणीचा, म्हणजे नमुना १२ चा रकाना उघडा. जमीन पड असेल, किंवा दुसऱ्या कोणाच्या कब्जात असेल. तो दुसरा माणूस १ एप्रिल १९५७ ला कूळ म्हणून मालक झाला का, हेही बघा. नोकरीवर राहणाऱ्या अनेक घरांची जमीन कूळकायद्यात गेली आणि 'आमची जमीन भावकीने खाल्ली' ही घरातली तक्रार कागदावर वेगळीच निघते. हंगामी कार्ड असेल तर त्यातले खंड वेगळ्या नजरेने वाचा. सलग १२० दिवस भरले की हंगामी मजुराला तात्पुरत्या नोकराचा दर्जा मिळे, आणि तो मिळू नये म्हणून मधेच कामावरून थांबवण्याची पद्धत होती. तो खंड शेतीसाठी घेतलेली रजा नव्हे. माझ्या मते या माणसांवर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय, आणि घराण्याच्या इतिहासात तो नोंदलाच पाहिजे.

घरातल्या लोखंडाकडेही पाहा. विलायती ऐरणीच्या कुशीवर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १ २ १४. पहिला हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याची चौथाई, २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. म्हणजे ही ऐरण १८२ पौंड, साधारण साडेब्याऐंशी किलो. ऐरण म्हणून वापरलेला रुळाचा तुकडा असेल तर त्याच्या पोटावर कारखाना, साल आणि वजन उठावात असते. ९० आर म्हणजे वाराला ९० पौंड. दोन फुटी तुकडा सत्तावीस किलोंचा. पण ते साल रूळ ओतल्याचे नसून लाटल्याचे, आणि रूळ कित्येक दशके मार्गात राहून मग भंगारात निघतो. त्यावरून तुकडा घरात कधी आला ते ठरत नाही.

तोंडी माहितीसाठी दोन ठिकाणे. पंढरपूर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जिथे गाव आणि जातीवरून नोंदी लागतात. आणि हेळवी, जे बेळगाव-कोल्हापूरकडून येऊन घराण्याची नावे सांगतात. त्यांच्या वहीतला क्रम चांगला असतो, साले कच्ची असतात. घरातल्या वृद्ध आत्याबाईंना आजोबांची जन्मतारीख विचारू नका. कोणत्या आत्याला कोणत्या गावी दिली, आजोबा घरी येताना कोणत्या स्टेशनावर उतरत, पगार कुठे वाटला जाई, हे विचारा. स्टेशनावरून डेपो कळतो आणि डेपोवरून पीडब्ल्यूआयचा टप्पा.

हे सारे हाती आले की माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. शुल्क १० रुपये. त्यात नाव बापाच्या नावासह, इंग्रजी लेखनाच्या शक्य त्या सगळ्या पर्यायांसह, मूळ गाव व तालुका, जीआयपी की बार्शी लाईट, डेपो किंवा कारखाना, शेवटचा हुद्दा, निवृत्ती किंवा मृत्यूचे अंदाजे साल, आणि असल्यास पेन्शन आदेशाचा क्रमांक लिहा. वारस असल्याचा पुरावा म्हणून वारसाच्या फेरफाराची प्रत जोडा. सेवापत्रक, नामनिर्देशन आणि रजेचा हिशेब या तीन कागदांची नावे घेऊन मागणी करा. नुसती 'सर्व माहिती' मागितली तर उपलब्ध नाही असे उत्तर देणे कार्यालयाला सोपे जाते.